मालनबाईंचा आकडा

रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी आला आणि शनिवारी सकाळी नळाचं पाणी जाईपर्यंत चाळीच्या तिन्ही मजल्यांना कळलं की घाडींच्या मालनबाईंच्या पोटात आता काही नाही. "काही नाही म्हणजे? उपाशी आहे की काय ती?" पहिल्या मजल्यावरच्या सुंदराबाईंनी विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदाला हसत आपला शिरवाळ्यांचा, तांदळाच्या शेवयांचा, लाकडी साचा धुऊन गॅलरीत उन्हात ठेवला. ऑपरेशनला जाताना मालनबाई जिन्यात थांबून त्यांना सांगून गेल्या होत्या, "सहा म्हयन्यांनी फोटो चांगलो इलो तर तुझो साचो लागतलो." सीटी स्कॅनला त्या फोटोच म्हणत. सुंदराबाई ते विसरल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी श्रेयाने निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनची वही. गोळी किती वाजता, ताप किती, जेवण किती, आणि शेवटच्या रकान्यात दुखणं, शून्य ते दहा. सर्जननीच तसं लिहायला सांगितलं होतं.

"आई, आज किती?"

मालनबाई खिडकीशी बसून डाव्या हाताने वेणी घालत होत्या. "दोन."

"पहाटे उठताना दोनदा थांबलात तुम्ही."

"थांबलंय खंय? चप्पल शोधत होतंय."

"रोज तोच आकडो लावतंस गो," पेपरामागून सासरे, रघुअप्पा, म्हणाले. "एक दिस तरी फिरव. मटक्याच्या दिवसांत असतंस तर माझे दोन्ही साचे इकूचे लागले असते."

"साचे तुमचे होते? शेठजीचे होते."

"म्हणान तर वाचलंव."

गिरणीत मागाला साचाच म्हणत. रघुअप्पांनी बावीस वर्षं एकट्याने दोन साचे सांभाळले होते, आणि आज सुंदराबाईंचा शिरवाळ्यांचा साचा घरात येणार म्हटल्यावर सकाळपासून त्यांना कामावर रुजू झाल्यासारखं वाटत होतं.

श्रेयाने रकान्यात 'दोन' लिहिलं. वरच्या ओळीतही दोन, त्याच्या वरही दोन, पान उलटलं तरी दोन. गिरगावातल्या तिच्या माहेरी माणसं साध्या सर्दीलाही तीन दिवस आडवी पडून चहा मागायची. इथे येऊन सात वर्षं झाली तरी घाडींच्या घरची सोसण्याची रीत काही तिच्या अंगवळणी पडली नव्हती. म्हणून तिने आपली वेगळी मोजणी ठेवली होती. आई डाव्या हाताने वेणी घालायला लागल्या की चार. गॅलरीचा कठडा धरून उड्डाणपुलावरच्या बस मोजायला लागल्या की पाच. शिंक यायच्या आधीच छोटी उशी उजव्या बरगडीखाली दाबून धरली की सहा. आणि नातीला लाडाची हाक मारायचं टाळत, त्याला मात्र श्रेयाकडे आकडा नव्हता.

ऑपरेशनपूर्वी असं नव्हतं. "माझ्या काळजाचो तुकडो खंय गेलो?" अशी हाक आली की पाच वर्षांची अवनी असेल तिथून धावत यायची आणि आजीच्या पोटात डोकं खुपसायची. हॉस्पिटलातून आल्यावर मालनबाईंनी तीच हाक मारली, तेव्हा पोरगी दाराआड जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने मालनबाईंनी ती हाक बंद केली, नुसतं "अवनी" म्हणू लागल्या. अवनी यायची, पाण्याचा पेला स्टुलावर ठेवायची आणि हात पाठीमागे बांधून चार फुटांवर उभी राहायची. श्रेयाने बालवाडीतल्या बाईंना विचारलं, स्वतःच्या आईला विचारलं, मोबाइलला तर रोज विचारलं. टाके बघून घाबरली असेल, होईल हळूहळू, असंच सगळ्यांचं म्हणणं. 'हळूहळू' या शब्दाचा श्रेयाला आता राग यायला लागला होता.

*

जिन्यावर बॅगेची चाकं आपटत वर येत होती. भरलेली बॅग धपधप येते, ही टणाटणा उड्या मारत येत होती. श्रेयाने गॅलरीतून वाकून पाहिलं. नणंदबाई. सुचित्राताई दादरला राहायच्या, बँकेत अधिकारी होत्या, आणि रिकामी बॅग घेऊन लालबागला आजवर कधी आल्या नव्हत्या.

"ताई, एवढी मोठी बॅग?"

सुचित्राताईंनी दम घेत घेत तिच्याकडे पाहिलं. "वैभव बोलला नाही तुला?"

आत नारळ खवणारा वैभवचा हात थांबला. "सांगणारच होतो."

"कधी? बॅग भरून झाल्यावर?" श्रेया म्हणाली.

"हे बघ श्रेया, राग मानू नकोस," सुचित्राताई खुर्चीत टेकल्या. "चव्वेचाळीस पायऱ्या. संडास गॅलरीच्या टोकाला, तोही सकाळी रांग लावून. माझ्याकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, आईला वेगळी खोली आहे. सहा महिने तू केलंस, कुणी नाही म्हणत नाही. आता मला करू दे."

यात खोडायला काही नव्हतं, हीच तर पंचाईत. पायऱ्या चव्वेचाळीसच होत्या, श्रेयानेही मोजल्या होत्या. ती सासूबाईंकडे वळली.

"आई, तुम्हांला जायचंय?"

"जातंय." मालनबाईंनी पदर सारखा केला, उजवीकडे जरा जास्तच. "जरा बदल होईल."

"किती दिवस?"

"बघूया."

मालनबाई 'बघूया' म्हणाल्या की त्याचा अर्थ ठरलंय असा असे, हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच श्रेयाला कळलं होतं. तिने वैभवकडे पाहिलं. तो खोबऱ्यात डोकं घालून बसला होता. म्हणजे बहीण, भाऊ आणि आई एका बाजूला, आणि ती आपली वहीबरोबर.

"आणि माझां काय?" रघुअप्पांनी विचारलं. "माका बॅगेत भरूक कोण इला नाय."

"तुमका कोण नेतला?" मालनबाई म्हणाल्या. "तुमच्या घोरण्यावर सोसायटी नोटीस काढतली."

*

शिरवाळे हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, आणि गोळा गरम असेपर्यंतच साच्यात घालून वरचा दांडा दाबायचा. थंड झाला की संपलं, मग भीम आला तरी धार पडत नाही. खाली ताट धरायला दुसरं माणूस लागतं. आजवर दांड्यावर मालनबाई असायच्या आणि ताटाशी श्रेया. आज मालनबाईंना पाटावर बसवून सुचित्राताईंनी दांडा धरला होता.

"हातान नको दाबूस," मालनबाईंनी सांगितलं. "अंग टाक."

"टाकतेय."

"खंय टाकतंस? कॉम्प्युटर चालवल्यासारखां बोटां लावतंस."

"बँकेत अजून शिरवाळ्यांचं प्रमोशन निघालं नाही, आई." तरी त्यांनी पदर खोचला आणि सगळा भार दिला. दांडा करकरला, आणि साच्याच्या भोकांतून पांढऱ्या शेवया उतरल्या. श्रेयाने ताट फिरवलं. वाफ तोंडावर आली. दारात उभे राहिलेले रघुअप्पा मुकादमासारखे म्हणाले, "धागो तुटता. जरा सबुरीन."

दुसरा गोळा उकळेपर्यंत मालनबाई उठल्या आणि गॅलरीत गेल्या. श्रेयाने मान लांब करून पाहिलं. हात कठड्यावर, नजर पुलावर. बस.

"पाच," ती पुटपुटली.

"काय पाच?"

"काही नाही. ताई, चार दिवसांसाठी न्या ना. एकदम कशाला?"

सुचित्राताईंनी दांड्यावरचा हात काढला आणि आवाज उतरवला. "तुला वाटतंय मी ओढून नेतेय. बुधवारी तिनेच फोन केला मला, अप्पा खाली गेले होते तेव्हा. म्हणाली, पोरगी माका बघून भिंतीक लागता. तिच्याच घरात तिका भियान रवाक लावचां नाय. दोन-तीन म्हयने नजरेआड झालंय तर विसरतली." त्यांनी हाताच्या पाठीने कपाळ पुसलं. "तुला सांगू नको म्हणाली. तुला वाटेल पोरीवर बोलते."

श्रेयाच्या हातातलं ताट कललं. चार शेवया ओट्यावर सांडल्या त्या तिने उचलल्याही नाहीत. पायऱ्या नव्हत्या, संडास नव्हता. आई घर सोडून चालल्या होत्या त्या तिच्या पोरीमुळे, आणि तिने सहा महिने वहीत ताप मांडला होता.

मालनबाई परत आल्या त्या थेट कपाटाशी. तीन साड्या काढून त्यांनी पलंगावर ठेवल्या. अवनी उघड्या बॅगेपाशी येऊन उभी राहिली होती, हात नेहमीसारखे पाठीमागे.

"आजी कुठे चालली?"

"माझ्याकडे, दादरला," सुचित्राताईंनी आतून सांगितलं. "तिथे आजीचं दुखायचं थांबणार."

अवनीने हे ऐकून घेतलं आणि माळ्याखालच्या तिच्या कोपऱ्यात गेली. तिसरा गोळा साच्यात पडला, दांडा खाली आला, शेवया लोंबायला लागल्या, आणि तेवढ्यात ती बाहेर आली. पाठीला शाळेचं दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, काखेत कान फाटलेला ससा. पायांत बूट, उलटे.

"मी जाते आत्याकडे," ती म्हणाली. "आजीला राहू दे."

वैभव हसला. "का गं? आत्याकडे पिझ्झा मिळतो म्हणून?"

"मी गेले की दुखायचं थांबेल."

श्रेया ताट खाली ठेवून तिच्यापुढे बसली. "कुणी सांगितलं तुला असं?"

"पप्पांनी."

"मी?" वैभव उठून उभा राहिला. "मी कधी बोललो?"

"आजोबांना बोलले तुम्ही. आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा." अवनी बालगीत म्हणावं तसं एका दमात म्हणाली, "काळजाचा तुकडा काढून टाकला, कॅन्सर त्या तुकड्यातच होता, आता काही भीती नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण मला काढलंच नाही. मी इथेच आहे. म्हणून आजीला दुखतं. मी जवळ पण नाही जात, तरी दुखतं."

साच्याखाली अर्ध्यावर आलेल्या शेवया तशाच हलत राहिल्या.

वैभव खरंच तसं म्हणाला होता. रघुअप्पांना यकृत कळेना, आणि लिव्हर म्हटलं की ते भडकायचे. लिव्हरचं दुखणं दारुड्यांना होतं, आणि मालनने उभ्या जन्मात सोलकढीपलीकडे काही घेतलं नव्हतं. तेव्हा वैभवने सरळ काळीज म्हणून टाकलं आणि घरात तोच शब्द राहिला. सहा महिने सगळे काळीज काळीज करत होते, आणि काळजाचा तुकडा दाराआड उभा राहून ऐकत होता. श्रेयाच्या वहीत याला रकाना नव्हता.

मालनबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट. रडताहेत असं वाटून श्रेया पुढे झाली, तर त्या हसत होत्या. हसताना बरगडीखाली कळ आली तशी त्यांनी हात पुढे केला. "उशी. अगो उशी दे कोण तरी." वैभवने उशी दिली. ती पोटाशी दाबून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी कशाचं हे त्यांनाही कळेनासं झालं.

"हयसर ये," त्या म्हणाल्या.

अवनी जागची हलली नाही.

"ये गो. माका एक गोष्ट तुकाच विचारूची आसा. वैभव, दार लोट."

दार लोटलं गेलं. मालनबाईंनी पदर बाजूला केला, पोलक्याची खालची दोन बटणं काढली. छातीच्या खालून सुरू होऊन उजव्या कुशीकडे वळलेला तो व्रण श्रेयाने रोज पाहिला होता. अवनीने पहिल्यांदाच पाहिला. तिने ससा तोंडाशी धरला, पण मागे सरकली नाही.

"हयसून तो तुकडो काढल्यानी. आता तू बघून सांग, तू हयसून भायर येशील?"

प्रश्न रास्त होता. अवनीने दप्तर खाली ठेवलं, जवळ आली, आणि शिंप्यासारखं वाकून माप घेतलं. आधी मूठ लावून पाहिली, हवेतच, अंग न लावता. मग डोकं तिरपं करून पाहिलं.

"डोकं नाही जाणार," ती म्हणाली.

"पाय?"

"पाय जाईल. पण मग अडकेन."

"मगे काढल्यानी तो कोण?"

अवनीने बराच विचार केला. "दुसरा कुणीतरी."

"तो नासलेलो होतो. तुझ्यापेक्षा लहान, आणि तोंडान काळो. तेका टाकून दिल्यानी. तुका कोण हात लावतलो?"

"आणि काळीज परत वाढता," रघुअप्पा मध्येच म्हणाले. "डॉक्टर बोललो माका. पालीच्या शेपटीसारख्यां."

"आजोबा, आजी पाल नाही." अवनीने त्यांना दटावलं, आणि त्याच रागात आजीच्या डाव्या कुशीला जाऊन चिकटली. सहा महिन्यांचं अंतर होतं ते चार फुटांचं, एका ढांगेत संपलं. मालनबाईंनी डावा हात तिच्याभोवती टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"मग मी कुठून आले?" कुशीतून प्रश्न आला.

सगळ्यांनी श्रेयाकडे पाहिलं.

"माझ्या पोटातून."

"फट पाडून?"

"हो. डॉक्टरांनीच."

"तुला पण दुखतं?"

"नाही गं," श्रेया सवयीने म्हणाली. "थोडंसं. दोन."

आपला आकडा तिला आपल्याच तोंडून ऐकू आला. मालनबाईंनी डोळे उघडले होते.

"पाच वर्षां झाली ना गो?"

"थंडीत ओढल्यासारखं होतं. वाकून लादी पुसताना जास्त."

"कोणाक सांगलंस?"

"कुणी विचारलं नाही, आई."

यावर वैभवला कुठे बघावं ते कळेना, म्हणून तो उरलेल्या नारळाकडे बघत राहिला. मालनबाई मात्र सुनेकडेच पाहत होत्या, एखादी जुनी ओळख पटावी तसं.

"माझां दोन नाय," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हता."

"मग किती?" सुचित्राताईंचा आवाज चढला. "सहा महिने त्या डॉक्टरला दोन, दोन सांगत बसलीस? दर वेळी विचारतो तो. टाक्यांतल्या नसांचं दुखणं वर्षभर राहू शकतं, त्याची गोळी वेगळी असते, सांगा म्हणजे देतो, असं माझ्यासमोर बोलला."

"माका वाटला, जास्त सांगलंय तर परत पोट फाडतले."

रघुअप्पांनी कपाळाला हात लावला. सुचित्राताई रागाने काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांनाच हसू फुटलं. मग वैभवला. चाळीला भिंती कमी आणि कान जास्त. खालच्या मजल्यावरून सुंदराबाईंनी विचारलं, "काय झाला गो? साचो मोडलो काय?"

*

साचा मोडला नव्हता, पण आतला गोळा दगड झाला होता. तो काढून पुन्हा पाणी उकळलं. या खेपेला दांड्याशी मालनबाई बसल्या, फक्त डावा हात लावून, आणि त्या हातावर अवनीचे दोन. खरा जोर मागून सुचित्राताईंचा होता, पण हे अवनीला सांगायचं नाही असं नजरेनेच ठरलं. शेवया उतरल्या तशी अवनी ओरडली नाही, श्वास रोखून बघत राहिली.

नारळाच्या गोड रसात सगळ्यांनी पोटभर शिरवाळे खाल्ले. सुंदराबाई साचा न्यायला आल्या आणि दोन वाट्या खाऊन साचा विसरून गेल्या. दादरची बोलणी मोडली नाहीत, वाकली. दर शनिवारी मालनबाईंनी लिफ्टच्या घरी जायचं, सोमवारी परत यायचं, आणि बरोबर अवनी जाणार. कमोडची खुर्ची वैभव याच आठवड्यात आणणार होता. ती कुठे ठेवायची यावर रघुअप्पांनी चार जागा सुचवल्या, चारही नापास झाल्या. सुचित्राताई निघाल्या तेव्हा बॅगेत साड्या नव्हत्या, शिरवाळ्यांचे तीन डबे होते आणि किटलीत रस.

"आईला न्यायला आले होते," जिन्यात बॅग आडवी धरत त्या म्हणाल्या. "डबे घेऊन चालले. आणि श्रेया, उद्या डॉक्टरला फोन तू कर. तिच्या हातात फोन दिलास तर परत दोन सांगेल."

ऊन गॅलरीतून निघून गेलं होतं. श्रेयाने वही घेतली. मालनबाई पलंगावर टेकल्या होत्या, उशी बरगडीखाली, आणि डाव्या दंडावर अवनीचं डोकं.

"आई, सकाळचं खोडते. आता किती?"

मालनबाईंनी घाई केली नाही. पहिल्यांदाच त्या खरोखर मोजत होत्या. "बसलंय तेव्हा पाच. हसलंय तेव्हा आठ. सात लिही."

श्रेयाने सात लिहिलं.

"आता तुझां."

"माझं कशाला?"

"लिही म्हणतंय ना. माझ्या खाली लिही."

श्रेयाने पेन क्षणभर हवेत धरलं आणि सातच्या खाली चार लिहिलं. लिहिल्यावर तिला उगाचच हलकं वाटलं.

"माझं पण," अवनी म्हणाली. "मला कुठेच दुखत नाही. बूट उलटे होते तेव्हा दुखत होतं. आता शून्य."

शून्य तिने स्वतः काढलं, रकाना सोडून बाहेर गेलेलं, शिरवाळ्याच्या गोळ्याएवढं.

रघुअप्पांनी चष्मा लावून पान डोळ्यांजवळ नेलं, सात, चार, शून्य असं मोठ्याने वाचलं, आणि म्हणाले, "फिरवलंस एकदाचो आकडो." त्या दिवसाच्या नोंदीत, पहिल्यांदाच, खाडाखोड केलेला सोडला तर 'दोन' कुठेही नव्हता.